कापलं तर कापलं, पण सांगा तरी

प्रो कबड्डीची फायनल झाली की आपण टीव्ही बंद करतो. खेळाडूच्या घरात मात्र धाकधूक तिथून पुढं सुरू होते. संघ ठेवणार का सोडणार? सोडलं तर लिलावात कुणी घेणार का? चाळीस मिनिटांच्या सामन्यात जे ठरत नाही, ते या मधल्या रिकाम्या महिन्यांत एका कागदावर ठरतं. त्या कागदाला म्हणायचं यादी.

पोस्ट मोठी आहे. कबड्डीत रस नसला तरी चालेल, पण घरात, भावकीत, शेजारी एखादं खेळणारं पोरगं किंवा पोरगी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच येतं) मी बरीच वर्षं बातमीदारी करतोय. दूध, ऊस, पाणी, कारखाना, झेडपी हे रोजचं. क्रीडा पान हे जागा उरली तर. तरी सगळ्यात चिकाटीचे फोन मला कुणाचे येतात सांगू? निवड चाचणी झालेल्या पोरांच्या वडलांचे. "साहेब, यादी लागली का?" एवढाच प्रश्न. सातबारा, विमा, अनुदान यातल्या कशासाठी माणूस इतक्या अजिजीनं विचारत नाही. उत्तर बहुतेक वेळा माझ्याकडंही नसतं, कारण यादी कुठं लागलेलीच नसते.

म्हणून आधी वरच्या पातळीवर हे काम कसं चालतं ते पाहू. मग आपल्याकडं येऊ.

प्रो कबड्डीत बारा संघ आहेत. एका संघात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू. पैशाला मर्यादा आहे. लिलावासाठी प्रत्येक संघाची थैली ५ कोटींची. सिझन संपला की संघ आपल्या खेळाडूंतले कोण ठेवायचे ते ठरवतो. त्याचे तीन कप्पे आहेत. पहिल्या कप्प्यात नाव झालेले, मुरलेले खेळाडू. बाकी दोन कप्पे तरुणांचे, म्हणजे संघानं लहान वयात उचलून तयार केलेल्या पोरांचे. २०२४ च्या लिलावाआधी सगळ्या संघांनी मिळून ८८ खेळाडू कायम ठेवले. त्यात मुरलेले २२ आणि तरुण ६६. २०२५ ला ८३ ठेवले, त्यात मुरलेले २५ आणि तरुण ५८. टीव्हीवर आपल्याला कोटीचे आकडे दिसतात, पण यादीचा कणा ही स्वस्तातली तरुण पोरं असतात.

उरलेले सगळे लिलावात. तिथं चार गट, मूळ किंमत ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख. आपला सोडलेला खेळाडू दुसऱ्यानं बोली लावून घेतला, तर तेवढेच पैसे देऊन त्याला परत घेण्याचं एक कार्डही संघाकडं असतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत लिलाव झाला तेव्हा यादीत पाचशेहून जास्त नावं होती. विकली गेली सव्वाशेच्या आत. कोटीच्या वर गेले आठ. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत त्या आठांचे फोटो. जे विकले गेले नाहीत त्यांची बातमी कुणी केली नाही, मीही नाही. ती बातमी होत नाही, असा आमच्या धंद्याचा रिवाज आहे.

आकड्यांची उडी बघा. २०१४ ला पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गेलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना पाटण्यानं घेतला होता. २०२३ ला पवन सेहरावत २ कोटी ६० लाख ५० हजारांना तेलुगू टायटन्सकडं गेला. नऊ वर्षांत वीस पट. आणि तोच पवन २०२५ च्या लिलावात ६० लाखांच्या आत गेला. भाव चढतो तसा उतरतो, टोमॅटोवाल्याला हे वेगळं सांगायला नको.

आता ५ कोटींत यादी बसवणं म्हणजे काय, हे पुणेरी पलटणकडं बघून कळतं. पलटण आपली म्हणायला अजून एक कारण आहे, कॅप्टन अस्लम इनामदार आपल्या जिल्ह्यातला. २०२२ ला पलटणनं इराणच्या फझल अत्राचलीला १ कोटी ३८ लाखांना आणलं. फायनलला गेले, जयपूरकडून हरले. पुढच्या लिलावाआधी फझलला सोडलं. त्याच्या जागी इराणचाच मोहम्मदरझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना घेतला. थैलीचा निम्म्याच्या जवळपास भाग एकट्या माणसावर. पण हे परवडलं कशामुळं? अस्लम, मोहित गोयत ही पोरं आधीच यादीत होती, कमी पैशांत आलेली आणि संघातच वाढलेली. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून पलटण पहिल्यांदा जिंकली. स्पर्धेतला सगळ्यात मोलाचा खेळाडू ठरला अस्लम, २ कोटी ३५ लाखवाला नव्हे.

आणि जिंकल्यावर काय केलं? शादलुईला सोडलं! लोक म्हणाले येडे झालेत. पण थैली ५ कोटींचीच, आणि वाढलेल्या पोरांनाही आता वाढीव पैसे द्यायचे. शादलुईला हरियाणानं २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि त्या वर्षीचं विजेतेपद हरियाणानं नेलं. फायनल कुठं झाली, तर पुण्यात, बालेवाडीला. पलटण प्लेऑफलाही नव्हती. कारण त्याच सिझनमध्ये मधेच अस्लमचा गुडघा गेला आणि तो बाहेर बसला.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात मोठी बातमी इथं आहे. गुडघा गेलेल्या कॅप्टनला संघानं यादीतून काढलं नाही. उपचार झाले, वेळ दिला, नाव राहिलं. पुढच्या सिझनला तो परत कॅप्टन म्हणून उभा राहिला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला पलटण पुन्हा फायनल खेळली. दिल्लीकडून ३१-२८ असे हरले. हरले ते हरले. पण एका जखमी खेळाडूचं नाव यादीत राहिलं की काय होऊ शकतं, ते सगळ्या देशानं पाहिलं.

सगळ्यांच्या नशिबी हे येत नाही. परदीप नरवाल आठवतो का? डुबकी किंग. चढाईतले अठराशेहून जास्त गुण त्याच्या नावावर, एवढे कुणाचेच नव्हते. एके काळी १ कोटी ६५ लाखांना गेलेला हा माणूस २०२५ च्या लिलावात विकलाच गेला नाही. थोड्याच दिवसांत त्यानं निवृत्ती जाहीर केली. वाईट वाटलं. पण एक लक्षात घ्या, त्याला कळलं. तारीख ठरलेली होती, नाव पुकारलं गेलं, कुणी हात वर केला नाही. सगळ्यांसमोर झालं म्हणून जास्त टोचलं असेल, पण उत्तर मिळालं. त्यानं पुढचा रस्ता धरला.

जगात काही ठिकाणी यादी सांभाळणं हे पूर्ण वेळेचं काम आहे. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे, लंबगोल चेंडूचा, हातानं आणि पायानं दोन्हीनं खेळायचा. अठरा क्लब आहेत. प्रत्येक क्लबात कोच वेगळा आणि 'लिस्ट मॅनेजर' नावाचा माणूस वेगळा. सप्टेंबरअखेर मेलबर्नला फायनल होते आणि याचं खरं काम सुरू होतं. ऑक्टोबरमध्ये क्लबांची आपसात खेळाडूंची अदलाबदल, नोव्हेंबरच्या सुमाराला नवीन पोरांची निवड. कुणाचं वय किती, कुणाचा करार कधी संपतो, तीन वर्षांनी कोणत्या जागेवर माणूस कमी पडेल, हे सगळं तो मांडतो. लांब दुखापत झालेल्यांसाठी वेगळी यादी असते, तिथं नाव टाकलं की बदली खेळाडू घेता येतो आणि जखमी पोरगंही क्लबाचंच राहतं. जे कापले जातात त्यांना तसं कळवलं जातं. तिकडच्या खेळाडूंची संघटना १९७३ पासून आहे.

कुणी म्हणेल, पैसेवाल्यांचे खेळ, आपल्याला काय त्याचं? मी म्हणतो यादी करायला पैसा लागत नाही. एक वही लागते आणि खरं बोलायची तयारी लागते.

आता आपल्याकडं या.

आपल्या पोरांचं गणित वयावर आणि वजनावर चालतं. किशोर गटाला १६ वर्षं आणि ५५ किलो. कुमार गटाला मुलांसाठी २० वर्षं आणि ७० किलो. वरिष्ठ पुरुषांना ८५ किलो. गावाच्या जत्रेतल्या सामन्याला कुणी काटा लावत नाही, पण चाचणीला लावतात. म्हणून चाचणी जवळ आली की पोरं दोन दिवस पाण्यालाही शिवत नाहीत. ७१ किलो भरलं म्हणून वर्षभराची मेहनत घेऊन परत गेलेली पोरं मी पाहिलीत. आणि ज्या दिवशी वीस पूर्ण, त्या दिवशी कुमार गट संपला. काल जिल्ह्यातला चांगला चढाईपटू असलेला पोरगा आज वरिष्ठ गटात तीस वर्षांच्या, नोकरीत असलेल्या, मुरलेल्या गड्यांसमोर उभा. तिथं त्याला कुणी ओळखत नाही.

आमच्या भागातल्या एका पोराची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही. उजव्या कोपऱ्यात खेळायचा. पकड अशी की एकदा घोटा धरला की सुटायचा नाही. कुमार गटात सलग दोन वर्षं जिल्ह्याकडून खेळला. तिसऱ्या वर्षी चाचणीच्या आधी महिनाभर एका गावच्या सामन्यात गुडघा फिरला. लिगामेंट. वडलांनी एक गाभण गाय विकली आणि ऑपरेशन केलं. डॉक्टरनं सांगितलं नऊ महिने थांब. पोरगं थांबलं. सकाळी आई भिंतीला धरून व्यायाम करून घ्यायची.

नऊ महिन्यांनी तो मैदानावर आला तेव्हा त्याच्या नावाचं काय झालं होतं? काहीच नाही. त्याला कुणी काढलं नव्हतं आणि कुणी ठेवलंही नव्हतं. चाचणी कधी झाली ते त्याला ग्रुपवर दुसऱ्याच दिवशी फोटो पडले तेव्हा कळलं. वय संपलं. पुढच्या वर्षी वरिष्ठ चाचणीला गेला, दोन चढाया झाल्या, "बस" म्हणाले. बसला. यादी लागलीच नाही, ज्यांची निवड झाली त्यांना फोन गेले. ज्यांना फोन गेला नाही त्यांनी समजून घ्यायचं. हा पोरगा पंधरा दिवस मोबाईल उशाला घेऊन झोपला. आता तो एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे. कामाला कमीपणा नाही. पण "तुझं नाव नाही, पुढच्या वर्षी ये" किंवा "पोरा, तुझं आता होणार नाही, दुसरं बघ", यातलं एकही वाक्य त्याला कुणी तोंडावर बोललं नाही.

यात हौसेपुरता प्रश्न नाही, पोटाचा आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी खेळाचं प्रमाणपत्र लागतं आणि ते पडताळून घ्यावं लागतं. पोलीस भरतीला, रेल्वेला, बँकांच्या संघांना, सगळीकडं आधी हाच प्रश्न, कुठल्या पातळीवर खेळलास? म्हणजे जिल्ह्याच्या त्या बारा-चौदा नावांच्या यादीत बसणं ही पहिली पायरी. ती चुकली की पुढचा जिना नाही. कोरडवाहू दोन एकरवाल्याच्या घरात त्या यादीकडं सगळं कुटुंब डोळे लावून बसतं ते यामुळं.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर अन्याय होईल. आपल्याकडं चाचण्या घेणारी बहुतेक माणसं पदरमोड करून राबतात. कुणी शाळेत क्रीडाशिक्षक, कुणी जुना खेळाडू. मैदानाला चुना मारण्यापासून पोरांच्या जेवणापर्यंत तेच. त्यात यादी ठरायच्या आधी फोन सुरू होतात, हा आमचा कार्यकर्ता, तो आमच्या पाव्हण्याचा. एका जुन्या निवड समिती सदस्याला मी विचारलं होतं, यादी लगेच लावत का नाही? तो म्हणाला, "सांगितलं तर भांडणं, नाही सांगितलं तर शिव्या. शिव्या परवडतात." माणूस खोटं बोलत नव्हता. पण त्याला परवडतं त्याची किंमत पोरगं भरतंय, हे त्याच्या डोक्यात आलं नसावं.

आणि पोरींचं तर विचारूच नका. मुलांना निदान वर एक लीग दिसते, टीव्हीवर आपल्या जिल्ह्याचा कॅप्टन दिसतो. मुलींसाठी प्रो कबड्डीवाल्यांनी २०१६ ला तीन संघांची एक स्पर्धा घेतली, नंतर ती पुन्हा झाली नाही. खेळणाऱ्या पोरीचं वय वीसच्या आसपास आलं की घरात दुसरीच यादी सुरू होते, स्थळांची. तिला निवडीचं वेळेत कळलं तर ती घरी भांडू तरी शकते. "अजून काही ठरलं नाही" या उत्तरावर कुठला बाप थांबणार आहे?

२०२४ च्या मार्चमध्ये आपल्या वाडिया पार्कवर पुरुषांची ७० वी वरिष्ठ राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा झाली. पलटणनं किताब जिंकून तीन आठवडेही झाले नव्हते. गॅलरीत सगळ्या तालुक्यांतून आलेली पोरं होती. खेळ बघायची तशी ती खेळ बघत होतीच, पण प्रत्येकाच्या डोक्यात एकच हिशोब चाललेला, इथून त्या मॅटपर्यंत जायचा रस्ता कुठून जातो? त्या दिवशी त्यांना उत्तर देणारा एक साधा फलकही आपण लावू शकलो असतो. वय, वजन, चाचणीचा महिना, कुणाला भेटायचं.

म्हणून मला काय वाटतं ते सरळ लिहितो. खेळ कबड्डी असो, खो-खो असो, कुस्ती असो. जिल्हा असो की तालुक्याचा क्लब.

पहिलं. चाचणी झाली की यादी त्याच संध्याकाळी लेखी लावा. निवडलेले, राखीव आणि वगळलेले, तिन्ही. खाली सही करा. सही असली की पुढाऱ्याचा फोनही जरा दबकत येतो.

दुसरं. वगळलेल्याला एका ओळीत कारण द्या. वजन जास्त, वय संपलं, दम कमी, कोपऱ्यात आधीच दोन चांगले आहेत. काहीही असो, खरं असावं. पोरं तेवढी कच्ची नसतात. पाणी न पिता वजन उतरवणारं पोरगं एक ओळ पचवू शकतं.

तिसरं. जखमींची वेगळी वही ठेवा. जिल्ह्याकडून खेळताना किंवा सरावात जो जखमी झाला त्याचं नाव, तारीख, डॉक्टरनं सांगितलेली मुदत. मुदत संपली की त्याला निरोप जायला हवा की ये, तुझी चाचणी घेतो. अस्लमला जे मिळालं ते ५ कोटींच्या थैलीमुळं मिळालं हे अर्धंच खरं आहे. बाकी अर्धं, कुणीतरी त्याचं नाव पुसलं नाही म्हणून मिळालं.

चौथं. सामने नसतात त्या महिन्यांत, आपल्याकडं पावसाळ्यात, एकदा बसा आणि पुढच्या वर्षी कुणाकुणाचं वय संपतंय ते काढा. त्या पोरापोरींना आणि घरच्यांना बोलवा. वरिष्ठ गटात संधी आहे का, पंच परीक्षा देता येईल का, बीपीएड करता येईल का, भरतीसाठी कुठली प्रमाणपत्रं आताच गोळा करायला हवीत, एवढं सांगा. एका दुपारचं काम आहे. चहाचा खर्च मी करतो.

पाचवं आमच्यासाठी, पत्रकारांसाठी. विजेत्या संघाचा फोटो छापतो तशी चाचणीची पूर्ण यादी छापायची. जागा नाही म्हणायची सोय आता राहिली नाही, मोबाईलवर जागाच जागा आहे. जो जो मला लेखी यादी पाठवेल त्याची यादी मी जशीच्या तशी लावेन. आजपासून.

वगळण्यात अन्याय नाही. पन्नास पोरं आली तर बाराच जाणार, अडतीस घरी येणारच. प्रो कबड्डीत पण येतात, ऑस्ट्रेलियात पण येतात. अन्याय आहे तो त्या अडतीसांना वाऱ्यावर सोडण्यात. वीस वर्षांच्या पोराचं एक वर्ष फार मोठं असतं. त्या वर्षात तो आयटीआय करू शकतो, भरतीची तयारी करू शकतो, गोठा वाढवू शकतो, नाहीतर जिद्दीनं परत मैदानावर येऊ शकतो. यातलं काय करायचं हे त्याला ठरवता यावं म्हणून तरी त्याला उत्तर द्या.

पटलं तर आपापल्या तालुक्यातल्या खेळाच्या ग्रुपवर टाका. आणि तुम्ही स्वतः निवड समितीवर असाल, तर या वर्षीची यादी भिंतीवर लावा. खाली सही करून.